पहिला घास कोणाकडचा

मी मत्सरी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला धक्का बसायला नको. मिरजेत परत आल्यापासून जो तो विचारतोय, अमेरिकेत काय काय पाहिलंत बाई? पाहिलं की. समुद्र पाहिला, उंच इमारती पाहिल्या, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही अशी दुकानं पाहिली. पण सहा आठवडे माझं सगळं लक्ष होतं एकाच बाईवर, ती समोर नसतानासुद्धा. डोलोरेस तिचं नाव. माझ्या लेकीची सासू, म्हणजे माझी विहीण. मनातल्या मनात मी तिला अगं-तुगंच करत होते. लिहिताना मात्र विहीणबाई म्हणते, तेवढा मान राखते.

आणखी एक. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला आणि अमेरिकेला पोचला, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची मोजदाद नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका हे सगळं तिकडून पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलं, हेही मुलांकडून लिहून घ्यायचे. परीक्षेत हमखास यायचं. मग घंटा झाली की घरी येऊन चटणीच्या मिरच्या निवडायला बसायचे, आणि या मिरच्या तिकडच्या आहेत हे चुकूनसुद्धा मनात यायचं नाही. मिरची आमची. त्यात शंका कसली?

पार्सिपनी

माझी मुक्ता न्यू जर्सीत पार्सिपनीला राहते. खालच्या मजल्यावर नागपूरचं कुटुंब, शेजारी पुण्याचे, समोर तेलुगू. जिन्यात फोडणीचा वास येतो, त्यामुळे पहिले दोन दिवस लांब आल्यासारखं वाटलंच नाही. तिचा नवरा डॅनियल न्यू मेक्सिकोचा, स्वभावाने गरीब. मला ‘आई, बसा’ म्हणतो आणि स्वतः उभा राहतो. आणि नात तारा. नुकते सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागला होता.

पण घरात शिरल्या शिरल्या मला काय दिसलं? स्वयंपाकघराच्या खिडकीत सुक्या लाल मिरच्यांची वेणी टांगलेली. ओट्यावर निळसर पिठाची बरणी. खुंटीला कुणा बाईचा एप्रन. विहीणबाई जुलैमध्ये येऊन पंधरा दिवस राहून गेल्या होत्या. मी तेव्हा व्हिसासाठी मुंबईच्या फेऱ्या मारत होते. त्यांना व्हिसा कसला लागतोय, बसल्या विमानात आणि आल्या.

तारा रडायला लागली की डॅनियल एक स्पॅनिश गाणं गुणगुणायचा आणि ती शांत व्हायची. त्याच्या आईचं गाणं. मी माझी सगळी अंगाईगीतं म्हणून पाहिली, दोन तर आरत्या म्हटल्या, पोर आणखी मोठ्याने रडली. जन्मात पोळीला हात न लावलेली माझी लेक तव्यावर मक्याच्या भाकरी टाकत होती. मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, “मॉमनी शिकवलं ना, व्हिडिओ कॉलवर.” मॉम. मी आई आणि त्या मॉम. मला कसं झालं असेल ते ज्यांच्या मुली परदेशात आहेत त्यांनाच कळेल.

मी एका कामासाठी गेले होते, ते म्हणजे ताराचं उष्टावण. आपल्यात मुलीला विषम महिन्यात पहिला घास देतात आणि तो मामा देतो. मामा म्हणजे माझा अमोल. त्याला व्हिसाची तारीख मिळाली नाही, म्हणून त्याच्या वतीने मी. मुक्ताला ज्या चांदीच्या वाटी-चमच्याने उष्टावलं तीच जोडी मी सोबत नेली होती, पंच्यात गुंडाळून.

आठवड्याने मुक्ता म्हणाली, “आई, उष्टावण न्यू मेक्सिकोला मॉमकडे करू या. सगळे असतील. अमोलदादा व्हिडिओवर येईल.”

त्याच दुपारी ती फोनवर सासूशी हसत हसत बोलत होती आणि मी बाळाचे कपडे घडी घालत होते. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, पण ‘ब्लू कॉर्न’ आणि ‘फर्स्ट स्पून’ एवढं मला स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे बेत ठरलेला होता. पहिला चमचा त्या बरणीतल्या निळ्या पिठाचा आणि तो देणार विहीणबाई. मी वाटी-चमचा घेऊन बाजूला उभी राहणार, मुलीकडची म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताराचा पहिला घास आमच्याकडचाच जाईल, हे मी त्या घड्या घालतानाच ठरवलं.

सांता फे

विमानातून उतरून गाडीने दीड तास गेल्यावर सांता फे येतं. आपल्या जतकडे जाताना दिसतो तसा मुलूख. तांबूस माती, बुटकी झुडपं आणि आभाळ मात्र न संपणारं. मला हेवा वाटला तो रस्त्याचा. दुष्काळी मुलखातून असा गुळगुळीत रस्ता. गाव उंचावर आहे, चार पायऱ्या चढले की धाप लागायची आणि ओठ फुटले होते. घरं मातीची किंवा मातीसारखी रंगवलेली. आपल्याकडे मातीचं घर म्हणजे गरिबी, तिथे म्हणे सगळ्यात महाग तीच.

रात्रीच्या जेवणाला खानावळीत गेलो तर पोरगी विचारते, लाल की हिरवी? म्हणजे मिरची. प्रत्येक पदार्थावर मिरचीचा रस्सा घालतात आणि तो कोणता एवढंच विचारतात. मुक्ता म्हणाली, “आई, हिरवी जरा हॉट असते हं, जपून.” मला जपून सांगते! कांदा-लसूण चटणीवर वाढलेल्या बाईला. मी म्हटलं, हिरवी आण, भरपूर आण. तिसऱ्या घासाला मला उचक्या लागल्या त्या दहा मिनिटं थांबेनात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. डॅनियल मधाच्या पुऱ्या पुढे करत होता आणि हसू दाबत होता. तिखट होतंच, पण चव इतकी सुंदर होती की मला रडायला आलं ते काही नुसत्या तिखटाने नाही. आमची म्हणून मिरवलेली मिरची इथे घरच्यासारखी पसरून बसली होती, आणि मी पाहुणी होते.

दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळी आमच्या हॉटेलसमोर दुकानांच्या मोकळ्या आवारात मिरच्या भाजत होते. मोठी जाळीची पिंपं आगीवर गरागरा फिरतात, तडतड आवाज, आणि वास असा की उपास मोडावासा वाटेल. मुक्ता आणि डॅनियल विहीणबाईंसाठी पोतंभर भाजून घ्यायला गेले. म्हणाले, तासभर लागेल, तारा झोपलीय, तू खोलीवर थांब. मी थांबले.

ते गेले आणि पाच मिनिटांत तारा उठली. माझ्याकडे बघून हसली. आता हा योग म्हणायचा नाही तर काय? खीर करायला तिथे काही नव्हतं. माझ्याजवळ उपासाचे राजगिऱ्याचे लाडू होते, मिरजेहून नेलेले. म्हटलं, एकादशीचा राजगिरा, याहून पवित्र काय पाहिजे! कॉफीच्या यंत्रातून नुसतं गरम पाणी काढलं, निवू दिलं, चांदीच्या वाटीत अर्धा लाडू कुस्करून अगदी पातळ केला. अमोलचं नाव घेतलं, कुलदैवताचं घेतलं, आणि चांदीच्या चमच्याने घास ताराच्या तोंडात घातला.

तिने तोंड असं केलं की मी काय विष दिलंय. जीभ बाहेर काढून सगळं माझ्या हातावर आणलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. मी हनुवटी पुसली, वाटी-चमचा बेसिनमध्ये विसळून पंच्यात गुंडाळून ठेवला. मुक्ता आली तेव्हा मी खिडकीशी पोरीला घेऊन उभी होते. मिळवलं होतं मी. पण मुक्ताने मला जवळ घेऊन “थँक्स आई, बोअर झालं नाही ना?” विचारलं, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

विहीणबाईंचं गाव

तिथून उत्तरेला तासाभरावर त्यांचं गाव, नदीकाठी. विहीणबाई फाटकात उभ्या होत्या. बुटक्या, रुंद, पांढऱ्या केसांची एकच वेणी. मला वाटलं होतं मेमसाहेब असेल. ही तर आमच्या बाजारात भाजी घेऊन बसली तर कुणी वळून बघणार नाही अशी. ताराने त्यांना पाहिलं आणि माझ्या कडेवरून सरळ झेप घेतली. मी हात तसेच ठेवून उभी राहिले.

घर मातीचं, भिंती हातभर रुंद. परसात मका, भोपळा, मिरच्या. शेताच्या कडेने पाट वाहत होता. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, पाळ्या लावणारा गावाने नेमलेला एक म्हातारा. म्हटलं, आमच्याकडे याला पाटकरी म्हणतात. विहीणबाईंना फार गंमत वाटली. पाटाच्या कडेने चालता चालता त्या सांगत होत्या, मुक्ता मधे मधे मला समजावत होती. पाटाची ही रीत स्पॅनिश लोकांनी आणली, त्यांच्या वडिलांकडच्यांनी. आईकडची एक पणजी मात्र इथल्या मूळ लोकांतली, लहानपणी पकडून आणलेली. तिला बाप्तिस्मा देऊन मोठ्या घरात कामाला ठेवली. तिचं आधीचं नाव काय होतं ते कुणाला माहीत नाही. तिची भाषा तिच्याबरोबर गेली, मागे राहिला तो निळा मका.

“वडिलांकडचे घोड्यावरून आले, आईकडचे आधीपासून इथेच होते,” विहीणबाई म्हणाल्या. “मी कुणावर रागवू? दोघंही माझ्याच घरात बसलेत.”

मी वर्गात या सगळ्याचा धडा पंचेचाळीस मिनिटांत उरकायचे. तहनामे, जहाजं, सोनं, गुलाम. त्यात ही नाव नसलेली पोर कधीच आली नव्हती. मला लाज वाटली, आणि लगेच हेवाही वाटला, की इतकं गमावून ही बाई एवढी शांत कशी राहू शकते. मला तर एक गाणं आणि एक एप्रन सहन झाला नव्हता.

स्वयंपाकघरात मी माझी ठेव काढली. कांदा-लसूण चटणीची बरणी टेबलावर ठेवली. विहीणबाईंनी बोटाने चाखली. डोळ्यांत पाणी आलं, पण पुन्हा बोट घातलं. मग मुक्ताकडे बघत काहीतरी म्हणाल्या. मी विचारलं, काय म्हणतात?

“म्हणतायत, ही आमचीच मुलगी आहे. सासरी जाऊन जास्त तिखट झालीय.”

मला हसायला हवं होतं. पण मी मुक्ताकडे बघत होते. त्यांची लेक, ती मिरची, चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आमच्याकडे आली आणि आमचीच होऊन बसली. तिचं माहेर कुणाला आठवतही नाही. माझी लेक इथे येऊन पाच वर्षं झाली होती. आणखी किती दिवस तिचं माहेर मिरज राहणार?

तेवढ्यात मुक्ताने माझा लाडवाचा डबा उघडला. विहीणबाईंनी एक लाडू उचलला, हातात फिरवला, फोडला, आणि त्यांचा चेहराच बदलला. “आलेग्रिया,” म्हणाल्या. दक्षिणेला मेक्सिकोत हाच पदार्थ असतो, अगदी हाच, मधात किंवा गुळात बांधलेला. आलेग्रिया म्हणजे आनंद. डॅनियलने पुढचं सांगितलं. तिथले लोक या दाण्याच्या पिठाच्या देवमूर्ती करायचे आणि प्रसाद म्हणून खायचे. स्पॅनिश पाद्रींना ते अभद्र वाटलं, म्हणून त्यांनी हे पीक घ्यायलाच बंदी केली. कुठे कुठे डोंगरात लपवून ठेवलं म्हणून वाचलं.

मी म्हटलं, छे, हे आमचं. उपासाचं. पार पुराणकाळापासून.

“उपासाला आणखी काय काय खाता?” डॅनियलने विचारलं. मी सांगत गेले. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची. एकेका नावाबरोबर तो मान डोलवत होता आणि शेवटी हात जोडून म्हणाला, “आई, ऑल फ्रॉम हिअर.” म्हणजे धान्य वर्ज्य म्हणून देवापुढे पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरलेला माल ठेवायचा, आणि त्याला पुराण म्हणायचं! तीस वर्षं शिकवलं मी हे. साबुदाण्याची खिचडी खात खात पेपर तपासले. एकदाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

पण मला खरा घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. आमच्याकडचा म्हणून जो घास मी चोरून दिला होता, तोही यांच्याकडचाच निघाला.

उष्टावण

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात सगळे जमले. शेजारपाजारचे, डॅनियलचे काका, आणि मिरजेहून फोनच्या पडद्यावर अमोल, झोप आवरत. विहीणबाईंनी निळ्या मक्याचं पीठ पाण्यात शिजवून पातळ पेज केली होती, राखाडी-जांभळी. मी चांदीची वाटी-चमचा काढून दिला. त्यांनी वाटी भरली, चमचा हातात घेतला, आणि थांबल्या.

चमच्याच्या दांड्यावर वेलबुट्टी आहे. तिच्या एका खाचेत राजगिऱ्याची एक लाही अडकून बसली होती. मला लांबून दिसली, मग त्यांना का नाही दिसणार? त्यांनी अंगठ्याने ती हळूच काढली, एप्रनला पुसली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि चमचा माझ्यापुढे धरला.

“तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मुक्ताने मला सांगितलंय, तुमच्यात आईकडचे देतात. मी तुमचीच वाट बघत होते.”

मुक्ता माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, मी फोनवर मॉमना हेच एक्सप्लेन करत होते, की फर्स्ट स्पून तू देणार.”

भूमी दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं. मी विहीणबाईंना पाण्यात बघत होते आणि त्या इतके दिवस माझी वाट बघत होत्या. मी चमचा घेतला, तो ताराच्या ओठांना लावला. आणि माझा घास थुंकणाऱ्या त्या पोरीने निळी पेज मिटक्या मारत खाल्ली, वर आणखी हवं म्हणून तोंड उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अमोल पडद्यावर डोळे पुसत होता. त्या क्षणीसुद्धा मला पोटात दुखलं, की आवडलं ते शेवटी त्यांचंच. वर मोठेपणाही त्यांचाच.

जेवणं झाल्यावर मी भांडी विसळत होते आणि विहीणबाई पुसत होत्या. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. मुक्ता मधे नसली की आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, त्यांचं माझ्यापेक्षा बरं. त्या चांदीचा चमचा पुसत राहिल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं,

“तिला आवडला होता का? लाडू?”

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, “नाही. थुंकला.”

विहीणबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं. मलाही हसू आलं. ही बाई आपली पाठची बहीण असती तर किती बरं झालं असतं, असं अगदी मनापासून वाटलं. मग त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“माझंही थुंकलं होतं,” त्या म्हणाल्या. “जुलैमध्ये. सगळी झोपली होती. बोटाने पेज चाटवली.”

मी नळ बंद केला. जुलैमध्ये! म्हणजे तो मोठेपणा, ती वाट बघणं, तो चमचा पुढे धरणं, सगळं अपराधी मनाने. बहीणबिहीण सगळं जागच्या जागी विरून गेलं. मी सातासमुद्रापलीकडून वाटी-चमचा घेऊन आले, चोरून झेंडा रोवला, आणि तिथे आधीच कुणीतरी येऊन गेलेलं.

मुक्ताला सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी तिथेच ठरवलं. आता ती हे वाचेल तेव्हा तिला कळेलच, आणि ती दोघींवरही ओरडेल. ओरडू दे. निघताना विहीणबाईंनी मला मिरच्यांची वेणी दिली, ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली आहे. आल्यागेल्याची नजर तिच्यावर जाते आणि मग उष्टावणाची गोष्ट निघते. मी सगळ्यांना ठणकावून सांगते, ताराला पहिला घास मी दिला. तीस वर्षं अमेरिका कोलंबसाने शोधली म्हणून शिकवत होते, तेवढंच हेही खरं आहे.